मी गाळलेलं वाक्य

"इथे कुणाला तेलुगू येतं का हो?"

केसपेपरच्या खिडकीत एक घामाघूम चेहरा डोकावला. आगाशीचे डॉक्टर अनिश, आमच्या प्रसूतिगृहात नवीनच लागलेले.

"मला येतं," मी म्हटलं. "मनवेलपाड्याच्या चाळीत शेजारच्या अम्माने शिकवलंय. पण आधी शिव्याच शिकवल्या—"

"त्या माझ्यासाठी राखून ठेवा. आता आत चला!"

आणि हसले. अगं बाई... खिडकीत परतल्यावर पुढच्या गरोदर बाईचं वय मी चक्क बासष्ट लिहिलं!

तेव्हापासून दर मंगळवारी मी त्यांच्या टेबलाशेजारी उभी. नालासोपाऱ्यात इमारतींच्या कामावर आलेल्या तेलुगू बायका, त्यांच्या शंका, डॉक्टर आणि मधे मी.

"दिपिका, तुम्ही नसता तर मी मुकाच झालो असतो."

"बरंच की. मुके डॉक्टर ओरडत तरी नाहीत!"

मग शांता आली. पहिलटकरीण, आठवा महिना, पाय सुजलेले, बीपी वाढलेलं. डॉक्टरांचा चेहरा उतरला.

"नीट सांगा हिला. गोळी चुकवायची नाही. डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तडक यायचं. नाहीतर झटके येतील... जीव जाऊ शकतो. तिचा, बाळाचाही."

शांता माझ्या तोंडाकडे बघत थरथरत होती. आमची आई म्हणते, पोटुशी बाईला वंगाल आयकवाचा नाय, वाईट काही कानावर घालायचं नाही. माझी जीभच उचलेना. "गोळी घे, आराम कर," मी सांगितलं. "सगळं छान होईल. मंगळवारी ये."

"समजलं ना तिला?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो."

त्या दिवसापासून मला घास गोड लागेना. शुक्रवारी दुपारी मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. "डॉक्टर... शांताला मी अंधारीचं सांगितलंच नाही. झटक्यांचंही नाही."

"का?"

"भरल्या पोटाच्या बाईला असलं अभद्र कसं—"

"आणि न सांगता मेली तर?"

ते माझ्यावर पहिल्यांदाच ओरडले. शांताच्या नवऱ्याचा फोन बंद होता. त्यांनी स्कूटरची किल्ली उचलली. "बसा मागे."

जीवदानी आई, तिला सांभाळ गं... वाटभर मी एवढंच म्हणत होते. त्यांच्या इतक्या जवळ बसलेय, याचंही भान नव्हतं.

पत्र्याच्या खोलीत शांता डोकं बांधून पडली होती. "मंगळवारी येणारच होते," ती म्हणाली. "तूच सांगितलंस ना? तुझा चेहरा असा धूसर का दिसतोय?"

तिचा हात धरून मी सगळं सांगितलं, शब्दन् शब्द. वाटलं, हाय खाईल. पण ती भिंत धरून उठलीच. "हे आधी का नाही सांगितलंस?"

रिक्षाने तिला प्रसूतिगृहात आणलं, संध्याकाळी सिझेरियन झालं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी दाराबाहेरच्या बाकावर होते.

"मायलेकी ठीक आहेत."

मी ढसाढसा रडले. ते शेजारी बसले. "चूक माझीही आहे. काय समजलं ते मी तिच्याच तोंडून वदवून घ्यायला हवं होतं. पण यापुढे तुम्ही एकही वाक्य गाळायचं नाही. शप्पथ?"

"शप्पथ."

दुसऱ्या दिवशी ते शांताचं बीपी बघत होते. तिने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं, काहीतरी म्हणाली आणि टाके धरून हसली.

"काय म्हणतेय?"

"काही नाही..."

"दिपिका. शप्पथ घेतलीय."

माझे कान तापले. "म्हणतेय... तुमचा पट्टा तिच्या दंडाला, पण नजर माझ्याकडे. आणि... लग्न कधी करताय, विचारतेय."

ते लालेलाल. "तिला सांग—" पहिल्यांदाच 'सांग'! "सांग, की विचारायला मी दीड महिना घाबरतोय. नाही म्हणाली तर... मंगळवारी शेजारी कोण उभं राहणार?"

मी सांगितलं. एकही शब्द गाळला नाही, आवाज तेवढा कापत होता. शांताने हात उडवला, मला काय सांगतेस, त्याला सांग!

आता मधे कुणीच नव्हतं. मी त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"रविवारी घरी या," मी म्हटलं. "आईशी मी आजच बोलते."