किती पट्ट्या?

ताईच्या जुन्या लॅपटॉपवर मी लिनक्स ही फुकटातली सिस्टिम टाकून दिली, तेव्हापासून तिच्या घरात काहीही अडलं की दोष माझा. प्रिंटर कागद ओढत नाही? तुझं लिनक्स. मिक्सर जळाला? तोही तुझ्या लिनक्समुळेच. फुकट मिळालेल्या वस्तूला किती नावं ठेवावीत याला काही मर्यादा नसते, हे मला तिच्यामुळे कळलं. त्या दिवशी सकाळी रस्ता खणताना कुणीतरी इंटरनेटची तार तोडली आणि तिचा फोन आला, तेव्हा हेही आता माझ्याच गळ्यात पडणार असं मी धरून चाललो होतो.

पण ती चेष्टा करत नव्हती.

"अकराला ऑनलाइन सुनावणी आहे," ती म्हणाली. "आज चुकली तर पुढची तारीख कधी मिळेल देव जाणे. तू ये लगेच."

सुनावणी भावोजींची होती. म्हणजे ते नसण्याची. भावोजी मोबाइलच्या टॉवरवर चढून अँटेना बसवायचे. सात वर्षांपूर्वी एका माळावरच्या टॉवरवर ते चढले आणि खाली आलेच नाहीत. कमरेला बांधायचा दोर वरच्या दांडीला अडकवलेला सापडला, हुक लावलेला. खाली सपाट जमीन होती, तिच्यावर काहीच नव्हतं. पोलिसांनी विहिरीसुद्धा उपसल्या. आता कायद्याने त्यांना मृत मानायचं की नाही, ते कोर्ट आज ठरवणार होतं.

ताईच्या शाळेतले ग्रंथपाल त्या निकालाची वाट बघत होते. भला माणूस. "घाई नाही," एवढंच म्हणत ते दोन वर्षं थांबले होते. ताईने शेवटी लग्नाला हो म्हटलं होतं, पण आधी निकाल, मग बाकी सगळं. तिने पुन्हा माणसात यावं असं मला मनापासून वाटत होतं.

मी पोचलो तेव्हा ती इस्त्रीची साडी नेसून टेबलापाशी बसली होती. तिचा फोन बटणांचा, त्यावर सुनावणी कशी होणार? माझा फोन जुना, हॉटस्पॉट सुरू केला की दहा मिनिटांत मान टाकायचा.

"यांचं एक नेटचं डोंगल होतं," ती म्हणाली आणि कपाटाच्या खणातून ते काढून आणलं. काळं, बोटाएवढं, कडेला रंग उडालेलं.

"चालेल?"

"चालवून तर बघू."

मी माझ्या फोनमधलं सिमकार्ड काढून टेबलावर ठेवलं. आधी डोंगल जिवंत आहे का ते बघावं, मग कार्ड घालावं, असा साधा हिशोब. लांब वायर लावून मी डोंगल खिडकीच्या गजाला बांधलं.

ही जुनी डोंगलं एक सोंग घेतात. कॉम्प्युटरला जोडली की आपण सीडी आहोत असं भासवतात, आणि त्या सीडीत असतो दुसऱ्याच सिस्टिमसाठीचा प्रोग्रॅम. लिनक्सवर ती सीडी आधी बाहेर काढायला सांगावं लागतं, मग सोंग उतरतं आणि आतला मोडेम समोर येतो. मी पडद्यावरच्या काळ्या चौकटीत हुकूम टाइप केला. काही नाही. पुन्हा केला. तिसऱ्यांदा शिवी घालून केला, आणि खिडकीतल्या डोंगलवर निळा दिवा लागला.

कोपऱ्यात रेंजची एक पट्टी उमटली. कंपनीचं नाव असतं तिथे 'घरचं नेटवर्क' एवढंच लिहिलेलं. रोमिंग नसलं की तसं दिसत असेल, म्हणून मी सोडून दिलं. कोर्टाचं पान उघडत होतं आणि अकराला पाचच मिनिटं होती.

"बघितलंस? याला म्हणतात लिनक्स," मी म्हणालो.

"आधी निकाल लागू दे. मग मिरव."

न्यायाधीशबाई पडद्यावर आल्या. चष्मा, मागे कागदांचे गठ्ठे. ताईने ताठ बसून नमस्कार केला. मी कॅमेऱ्याच्या बाहेर, तिच्या शेजारच्या खुर्चीवर.

प्रश्न सुरू झाले. लग्न कधी झालं, काम काय करत, शेवटचं कधी पाहिलं. रेंज दोन पट्ट्या झाली. देव पावला, मी मनात म्हटलं. मग तीन झाली.

"ते शेवटचं काय बोलले?" बाईंनी विचारलं.

"कामाला जातो म्हणाले," ताई म्हणाली.

मला त्यांचं फोनवरचं बोलणं आठवलं. घराजवळच्या टॉवरवर काम असलं की भावोजी वरून अँटेना फिरवत आणि ताईला फोन करून विचारत, "किती पट्ट्या?" ती ओट्याशी उभी राहून, फोन मानेत धरून सांगायची, दोन. आता? तीन. पाच म्हटलं की काम संपलं. ते उतरून थेट घरी जेवायला. नवरा-बायकोचं बोलणं आहे का पाढे, असं मी तिला चिडवायचो.

मी पाण्याच्या ग्लासाकडे हात नेला.

ग्लासाशेजारी माझं सिमकार्ड पडलेलं होतं.

मी ते उचलून पाहिलं. उलटं करून पाहिलं. माझंच होतं. डोंगलमध्ये मी काहीच घातलं नव्हतं, आणि त्याची कार्डाची खाच रिकामी होती, हे मी बांधताना पाहिलं होतं.

कार्डाशिवाय मोडेम नेटवर्कला लागत नाही. यात माझं काही चुकत असेल असं समजायला मी तयार होतो, पण चूक सापडेना. समोर न्यायाधीशबाई स्पष्ट दिसत होत्या, स्पष्ट बोलत होत्या.

काढून टाकावं का डोंगल? सुनावणी तुटली असती. तिची सात वर्षं, त्या माणसाची दोन, सगळं पुन्हा लांबणीवर.

मी कार्ड ताईपुढे सरकवलं.

तिने कार्डाकडे पाहिलं. मग खिडकीकडे. मग पडद्याच्या कोपऱ्याकडे.

चार.

"शेवटचा प्रश्न," बाई म्हणाल्या. "या सात वर्षांत त्यांचा फोन, निरोप, कुठल्याही मार्गाने संपर्क झाला का?"

ताईने नजर कोपऱ्यावरून बाईंकडे वळवली.

"नाही," ती म्हणाली.

बाईंनी मान हलवली आणि निकाल वाचला. कायद्याने त्यांना मृत मानण्यात येत आहे. बाई पडद्यावरून गेल्या.

मी उठलो आणि लॅपटॉपमधून डोंगलची वायर ओढून काढली. निळा दिवा गेला. कोपऱ्यातल्या पट्ट्या तशाच होत्या. चित्र बदलायला कधीकधी वेळ लागतो, मी स्वतःला सांगितलं.

मग पाचवी उमटली.

टेबलावर ताईचा फोन वाजू लागला. ग्रंथपालांचा होता.

"ताई, उचल ना," मी म्हणालो.

तिने फोनकडे पाहिलंही नाही. मान एका बाजूला कलली होती, खांद्याशी काहीतरी धरल्यासारखी. चेहरा शांत होता. गेल्या सात वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

"पाच," ती म्हणाली.

आणि उठून दाराची कडी काढली.