बातमी किती हवा खाते

चंद्रावरच्या शीतलनगरात बातमी द्यायची, तर ती किती हवा खाईल हे आधी बघायचं. ते काम श्वासगणकाचं. आज हे यंत्र कोर्टात आणून न्यायाधीश लोबोंच्या शेजारी ठेवलं होतं. वर एक दिवा, लाल-हिरवा होणारा.

"माणूस घाबरला की जास्त श्वास घेतो," प्रशासनाचा इंजिनिअर बर्वे सांगत होता, पोराला सांगतात तसं. "सगळं शहर एकदम घाबरलं तर घुमटातली हवा पुरायची नाही. गणक मजकूर वाचून किती धाप लागेल ते सांगतो. मुजावरांच्या बातमीवर लाल आला. म्हणून बंदी हवी."

तन्वीर मुजावरची बातमी एवढीच: सहाव्या वस्तीत, जिथे खाणकामगार राहतात, झोपेच्या वेळी मुद्दाम हवा कमी सोडतात. माणसं डोकं धरून उठतात, पोरं दिवसभर पेंगतात. का, ते त्यांना माहीत नाही. बंदी आली तर कळणारही नव्हतं.

त्याची वकील सगुणा कोळेकर उठली. कोर्टाचा हुकूम भोंग्यावरून शहराला ऐकवल्याशिवाय लागू होत नाही ना, तिनं विचारलं. बर्वे हो म्हणाला. आणि भोंग्यावरचं सगळं गणकातून जातं? तेही हो.

"मग बंदीचा हुकूम घाला की त्यात."

बर्वेनं टाईप केलं, हवेबद्दलच्या एका बातमीवर बंदी. दिवा बातमीपेक्षाही भडक लाल झाला.

"होणारच," सगुणा म्हणाली. "हवेचं काहीतरी झालंय, पण काय ते सांगणार नाही. असं ऐकून तुमची आई झोपेल का हो, बर्वे?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. लोबोसाहेबांनी बर्वेला सांगितलं, दिवा हिरवा होईल असा हुकूम तूच लिही. त्यानं 'काळजी नसावी' घातलं. दिवा आणखी पेटला. वस्ती कुठली ते लिहिलं, जरा उतरला. हवा मुद्दाम कधी कमी सोडतात ते लिहिलं, अजून उतरला. शेवटी घाम पुसत 'आजपासून पूर्ण हवा सोडू' लिहिलं, तेव्हा हिरवा झाला.

साहेबांनी वाचलं. तन्वीरची अख्खी बातमी त्यात आली होती. त्यांनी बंदीचं वाक्य खोडलं. दिवा हिरवाच. बाकीचं भोंग्यावर गेलं.

सहाव्या वस्तीत लोक दारात येऊन ऐकत होते, वर झडपा उघडत होत्या. कुणी घाबरलं नाही.

"आता तुझ्याकडे छापायला काय उरलं?" बर्वेनं तन्वीरला टोमणा मारला.

"झडपा बंद करायला कुणी सांगितलं, त्याचं नाव."

त्या दिवशी अख्ख्या शहरात धाप लागली ती एकट्या बर्वेला.