पेन जागेवर, पेटी गायब

"चोरी पेनाची नाही, पेटीची!" उदयसिंह घोरपडे तिसऱ्यांदा ओरडले. "रिकाम्या पेटीची!"

उपनिरीक्षक रणजीत सकपाळचं डोकं फिरलं. दसऱ्याच्या बंदोबस्तात उभं राहून पायांचे तुकडे पडलेले, आणि वरिष्ठांनी पाठवलं कुठं, तर ऐरोलीत ही पेटी शोधायला! घोरपड्यांची वरपर्यंत ओळख होती ना.

बाहेर जिन्यात गिरजाबाई उभी होती. दिघ्याहून येऊन ती या सोसायटीत चार घरची धुणीभांडी करायची. सकाळी घोरपड्यांनी तिच्यावर आळ घेतला आणि दुपारपर्यंत उरलेल्या तिन्ही घरांनी तिला दारातूनच परत पाठवलं.

हॉलमधल्या काचेच्या कपाटात सोनेरी निबचं परदेशी फाउंटन पेन होतं, स्वच्छ हातरुमालात गुंडाळलेलं.

"पेन शाबूत आहे. मग टेन्शन कसलं?"

"अहो, मूळ पेटीशिवाय पेन म्हणजे अर्धा नग! आत पांढरं सॅटिन होतं. रविवारी आमच्या पेन-क्लबची माणसं बघायला येणार. पेटी नसेल तर पेनाकडे ढुंकून बघणार नाहीत."

"यानं लिहिता कधी?"

"लिहू? शाई लागेल ना त्याला!"

रणजीत कपाटाजवळ वाकला. "रुमालात कुणी गुंडाळलं?"

"चोरानंच. मी नाही."

"कपाटाची किल्ली?"

"देवघराजवळ, खिळ्याला."

"पेटी शेवटची कधी पाहिलीत?"

"खंडेनवमीच्या सकाळी. मग वाशीला गाळ्यावर गेलो. आज कपाट उघडतो तर ही तऱ्हा!"

रणजीत चिडतच घरभर फिरला. मिक्सर, टेलिफोन, शिलाई मशीन, विळी, सगळ्यांवर हळदकुंकवाची बोटं अजून तशीच होती. मागच्या बाल्कनीत दोरीवर एक फडकं वाळत होतं. त्यावर लालसर डाग होता.

"हा कसला?"

"हळदीचा," घोरपड्यांच्या पत्नी विजयमालाबाई म्हणाल्या. "साबण लागला की लाल होतो."

"पेनाची पूजा नाही केलीत?"

"त्याला हात लावायचा नाही म्हणून यांनी बजावलंय."

"आणि पेटीला?"

विजयमालाबाई दोरीवरचं फडकं ओढून घडी घालायला लागल्या.

रणजीतनं घोरपड्यांना आत बोलावलं. "साहेब, चोर पेन टाकून पेटी नेईल का? आणि पेनाला ओरखडा पडू नये म्हणून रुमालात गुंडाळेल? एवढी काळजी घरचंच माणूस घेतं. बाईंनी सगळ्या वस्तूंची पूजा केली, एकीवरचीही हळद पुसली नाही. मग साबण लावून घासलं काय? जिच्यावर डाग चालत नाही अशी या घरात एकच वस्तू आहे. पूजलेली वस्तू बाई कचऱ्यात टाकणार नाहीत. पेटी घरातच आहे."

विजयमालाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "वर माळ्यावर, गणपतीच्या मखराच्या खोक्यात. पेनाला हात लावायचा नाही, म्हणून पेटीला बोट लावलं. हळद आत सांडली. घासली तर लाल झाली. यांची भीती वाटली हो! गिरजाचं नाव निघालं तेव्हा तोंडच उघडेना."

घोरपडे स्टूल ओढून माळ्यावर चढलेसुद्धा. पेटी उघडून मटकन खालीच बसले. "सॅटिन गेलं! अर्धी किंमत गेली!"

"आणि तिचं काय?" रणजीतनं दाराकडे बोट केलं. त्याचा आवाज चढला होता.

"सांगा, उद्यापासून ये म्हणावं कामाला." त्यांनी मान वर केली नाही.

गिरजाबाई उंबऱ्यापाशी आली नि घोरपड्यांना म्हणाली, "उद्याचं उद्या बगू, साहेब. आदी माझ्यासंगं तिन्ही घरी चला नि सांगा, गिरजा चोर नाय."

घोरपडे सॅटिनवर फुंकर मारत होते.

विजयमालाबाईंनी पदरानं डोळे पुसले, चपला पायांत सरकवल्या. "चल गिरजा."

खालच्या मजल्यावरच्या पहिल्या दाराची बेल त्यांनी स्वतः दाबली. दार उघडलं. "चोर ही नाही," त्या म्हणाल्या. "मी आहे."