शिवपुत्रच्या नावावरचं काम

झीनतची नोकरी गेली.

गेली नाही असं समजा आणि पुढं वाचा. तिच्या घरीही अजून हेच सांगितलंय.

घटना शंभर टक्के खरी आहे. ठिकाण सोलापूर, होटगी रोडवरचं सॉफ्टवेअरचं एक हापीस. वेळ भर दुपारची. रात्रीची असती तर शोभून दिसली असती, पण त्या हापिसात सहानंतर भूतसुद्धा थांबत नाही.

ही मंडळी साखर कारखान्यासाठी ऊस वजनाचं सॉफ्टवेअर बनवत. फाइली गिटमध्ये. कुठली फाइल कुणी, कधी बदलली, याचा सगळा इतिहास गिट जपतं. फाइलींची नावं मात्र 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल हीच घ्या'. अडाणीपणा इतक्या शिस्तीत जपलेला दुसरीकडं सापडायचा नाही.

कारखान्यानं कळवलं, फाइली नीट फोल्डरांत लावा. इतिहासाला मात्र धक्का नको.

"इतिहास गेला तर तू बी गेलीस," मालक गुरुशांत सर झीनतला म्हणाले. तिची सहा महिन्यांची उमेदवारी त्याच आठवड्यात संपत होती. कायम व्हायचं की घरी बसायचं, ते यावर ठरणार होतं.

झीनतनं इतिहास उघडला.

तिची कामं सोडली तर सगळीकडं एकच नाव... शिवपुत्र.

शिवपुत्र दोन वर्षांपूर्वी काविळीनं वारला होता.

"सर, कालचं काम पण त्याच्याच नावावर?"

"मशीन त्यानं लावलं हुतं. त्यावर कुणीबी काम करू दे, नाव त्याचंच पडतंय. चालतंय की! आपल्याला कामाशी मतलब."

म्हणजे मेलेला माणूस दोन वर्षं हापीस ओढत होता. बिनपगारी. तरी जिवंतांपेक्षा नियमित! एकट्या झीनतनं पहिल्या दिवशी स्वतःचं नाव टाकलं होतं.

तिनं एकेक फाइल गिटला सांगून, माग न तोडता नव्या जागी हलवली.

मग मशीनवरचं शिवपुत्रचं नाव पुसलं.

लाइट गेली.

पंखा थांबला. आणि कोपऱ्यातनं आवाज आला... टक. टक टक.

कोपऱ्यातल्या टेबलावर कीबोर्डच नव्हता.

"हमजा, तू आहेस का तिकडं?"

"मी हितं हाय की आपा," शेजारी बसणारा हमजा दारातनं बोलला. तोंडात भजी.

लाइट आली.

फोल्डर सुरेख. इतिहास अखंड. एक ओळ गहाळ नाही.

फक्त त्यात झीनत नव्हती.

तिच्या सहा महिन्यांच्या प्रत्येक कामापुढं... शिवपुत्र. आत्ता हलवलेल्या फाइलींपुढंही.

तिनं स्वतःच्या लॅपटॉपवरची प्रत उघडली. शिवपुत्र.

आणखी एक प्रत पर्समधल्या पेनड्राइव्हवर होती, आणि तो आठवडाभर कशालाच लावलेला नव्हता. तो लावला...

शिवपुत्र.

कारखाना खूश झाला. सरांनी इतिहास वरपासून खालपर्यंत वाचला.

"ह्यात तू तर कुटंच न्हाईस. सहा महिने केलंस काय?"

"सर, तो मेलाय!"

"मेलेला बरा की मग. उलटं बोलत न्हाय."

अनुभवाचा दाखलाही मिळाला नाही. हल्ली झीनत कुठंही स्वतःचं नाव लिहिते आणि थोडा वेळ त्याच्याकडं बघत बसते. जातंय का ते.

परवा तिनं हापिसात सरांकडं रीतसर अर्ज दिला:

"तरी मयत शिवपुत्र यांना एक दिवस कार्यालयात समक्ष हजर राहून, सदर काम आपण केलेले नाही, असे लेखी देण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती."