काचेच्या आतल्या बाजूला

मुलांनो, माझ्याबरोबर जरा कल्पना करा. डोळे मिटायची गरज नाही. ऑगस्टची दुपार आहे. मका माणसाच्या डोक्यावर गेलाय आणि शेतांकडून येणारी हवा ओल्या पंचासारखी तोंडाला चिकटतेय. तुमच्या हातात बर्फ घातलेल्या लिंबूपाण्याचा पेला आहे. थोड्या वेळानं पेल्यावर बाहेरून थेंब धरतात. ते पेल्यातून झिरपत नाहीत. हवेतली वाफ गार काचेला टेकते आणि तिचं पाणी होतं. दव धरतं ते काचेच्या उबदार बाजूला. एवढं लक्षात ठेवा. या गोष्टीला याहून जास्त विज्ञान लागत नाही.

आता पेल्याच्या जागी एक खोली आणा. तीन बाजूंना लाकडी भिंती, समोर माणसाहून उंच काच, आणि आत हिवाळा. त्या हिवाळ्यात गवताच्या पेंढीवर शेजारी शेजारी दोन माणसं बसली आहेत. दोघंही लोण्याची.

ती मी घडवली होती. मी विनस्लो गावच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर आमच्या कौंटीच्या जत्रेतली लोण्याच्या पुतळ्यांची खोली माझ्याकडे आली. ते लोणी खायचं नसतं. जत्रा संपली की खरवडून बादल्यांत भरायचं, गोठवायचं, आणि पुढच्या ऑगस्टला पुन्हा मळायचं. जुन्या लोण्याला जरासा चीजसारखा वास येतो. आधी लाकडाचा आणि जाळीचा सांगाडा, मग त्यावर लोण्याचे थर. बाहेर लोक घामानं निथळत असतात आणि आत मी लोकरीचे मोजे घालून बसलेली असते. बोटं बधिर झाली की ती कोमट पाण्याच्या घंगाळात बुडवायची.

एरवी मी गाय करते, वासरू करते. त्या वर्षी मात्र आमच्याच गावचा लोवेल ब्रेके राष्ट्राध्यक्षपदाला उभा होता. राज्याचा गव्हर्नर होता तो, पण मला आठवत होता दुसऱ्या बाकावरचा, शाईनं बोटं माखलेला मुलगा. त्याच्या जोडीला उपराष्ट्राध्यक्षपदासाठी सिनेटर अर्लीन कोझाक होत्या. आमच्याकडे मत एकच द्यायचं असतं, नावं दोन निवडून येतात. अंगणातल्या पाट्यांवर दोन्ही नावं एकत्र, छातीवरच्या बिल्ल्यांवर दोन्ही चेहरे एकत्र. म्हणून लोण्यातही मी दोघांना खांद्याला खांदा लावून बसवलं.

अडचण अशी होती की अर्लीन कोझाक कुणालाच नको होत्या.

जूनमध्ये आमच्या चर्चच्या जेवणाला त्या आल्या होत्या. लोवेलची नात टिली, आठ वर्षांची, त्यांच्या शेजारी बसली होती. प्रचाराच्या बसमध्ये या दोघींची गट्टी जमली होती. टिलीनं पाण्याचा पेला उचलला, तेव्हा सिनेटरनी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि दूर सरकवला. कुणीतरी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, तुमच्या विहिरींत शेतातलं खत उतरलंय, हे पाणी मी लहान मुलाला देणार नाही. खोटं काही नव्हतं त्यात. माझ्या वर्गातली मुलं दरवर्षी ते पाणी तपासायची आणि दरवर्षी आकडा वाढलेला असायचा. पण जेवणाच्या टेबलावर ते कुणी बोललं नव्हतं. पेला सरकवणाऱ्या त्या हाताचा फोटो देशभर छापून आला. लोक म्हणाले, उमेदवाराच्या गावात येऊन त्याच्या घरचं पाणी नाकारते म्हणजे काय? लोवेलचं पारडं तेव्हापासून जे खाली जायला लागलं, ते जातच राहिलं. तिला बदल, दुसरा माणूस घे, असं त्याला सगळेच सांगत होते.

जत्रेच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळी, बँडच्या चौथऱ्यावरून तो काय ते जाहीर करणार होता.

त्या दिवशी सकाळी मर्ल काचेपुढं आला. म्हातारा गवळी, माझ्याच वयाचा. काचेला नाक लावून म्हणाला, "ड्रेक्सलरबाई, ही बाई लोण्यातसुद्धा हसत नाही बघा."

मी म्हटलं, "तू तरी कुठं हसतोस, मर्ल? लग्नातल्या फोटोतही गाय हरवल्यासारखा दिसतोस."

लोक हसले. मी फडकं घेऊन काचेवरचं दव पुसायला लागले. दमट दिवस होता, काच सारखी धूसर व्हायची. पुसत पुसत मी मधोमध आले. तिथं बशीएवढे दोन डाग होते, एक इकडे, एक तिकडे. ते पुसले. गेले नाहीत. पुन्हा जोर लावून पुसले.

दव आतून होतं.

मी शिक्षिका आहे. आधी साधं कारण शोधायचं, ही सवय हाडात भिनलेली. मागच्या दारानं आत गेले. घंगाळ आतच राहिलं असेल, असं वाटलं. ते बाहेर खुंटीखाली होतं, कोरडं. दाराची रबराची पट्टी चाचपली, नीट बसली होती. यंत्र घरघरत होतं, काटा रोजच्याच जागी. मग मी काचेपाशी गेले आणि आतून ते डाग पुसले. फडकं ओलं झालं. काच स्वच्छ झाली आणि पलीकडून मर्लचा चेहरा दिसला.

मग डावीकडे धुकं धरलं. पसरलं, थांबलं, कडेपासून आक्रसत विरून गेलं. ते विरलं तेव्हा उजवीकडे धरलं.

बाहेरून बघताना डावीकडे अर्लीन कोझाक बसल्या होत्या, उजवीकडे लोवेल. दोन्ही डाग त्यांच्या तोंडांच्या उंचीवर होते.

मी सिनेटरच्या लोण्याच्या ओठांपाशी वाकले. श्वास रोखून धरला, माझ्या श्वासाची भेसळ नको म्हणून. हाताला काही लागलं नाही. वाऱ्याची झुळूकही नाही. पण थंडीतून बाहेर आल्यावर चष्म्यावर जसं दव येतं, तसं माझ्या चष्म्यावर आलं. आत असताना.

मी चष्मा काढला आणि तशीच उभी राहिले. भीती वाटली का, असं मुलं मला विचारतात. नाही वाटली. पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली तळ्यातलं पाणी पाहिलं होतं आणि त्यात काहीतरी हललं होतं, तेव्हा जसं वाटलं होतं तसं वाटलं.

दुपारपर्यंत गर्दी झाली. आरडाओरडा मात्र नव्हता. आमच्या जत्रेत काचेपुढं एवढी शांतता मी कधी पाहिली नव्हती. येणारा माणूस हातातला कणसाचा दांडा खाली धरायचा आणि आवाज न करता उभा राहायचा. बाया लहान मुलांना उचलून घेत होत्या. मर्लनं टोपी काढून छातीशी धरली होती. त्याच्या कपाळावरचा, टोपीखाली ऊन न लागलेला पांढरा पट्टा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. डावीकडे, मग उजवीकडे. झोपेत दोन माणसं एकमेकांच्या लयीत श्वास घेतात तसं.

प्रचाराचा कारभारी कर्टिस फेल्प्स आला तो वेगळ्याच कामासाठी. त्यानं मला बाजूला घेतलं. दक्षिणेतला एक हसरा गव्हर्नर त्यांनी सिनेटरच्या जागी ठरवून ठेवला होता. त्याचे फोटो मला देऊन म्हणाला, संध्याकाळच्या आत बाईचं डोकं उतरवा आणि हे बसवा, भाषणानंतर इथं छायाचित्रं घ्यायची आहेत. मी त्याला काचेकडे बघायला सांगितलं. त्यानं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "यंत्र बिघडलंय, मॅडम." पण त्याचा आवाज देवळात बोलल्यासारखा आला.

टिली आजोबांचा हात धरून आली. लोवेल दमलेला दिसत होता. लोकांनी वाट करून दिली, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टिली काचेपाशी धावली आणि क्षणभर बघून, जणू रोजचीच गोष्ट असावी तशी, त्याला समजावून सांगायला लागली.

"आधी अर्लीनमावशी श्वास घेते. मग तू घेतोस. बघ, आता तुझी पाळी."

उजवीकडे धुकं धरलं.

लोवेलनं बाहेरून त्यावर तळहात ठेवला. धुकं त्याच्या बोटांच्या मागं पसरलं आणि विरलं.

"बाई, हे तुम्ही केलंत?"

"नाही."

"मग कुणी?"

"मला माहीत नाही."

"तुमच्या तोंडून हे पहिल्यांदाच ऐकतोय."

"वर्गात शंभरदा म्हटलंय. तुझं लक्ष खिडकीबाहेर असायचं."

तो थोडं हसला. मग हळू आवाजात बोलायला लागला. सातवीत विज्ञान प्रदर्शनातला मेंडेलच्या वाटाण्यांचा प्रयोग त्याच्या जोडीदाराकडून बिघडला होता, तेव्हा जोडीदार बदलून द्या म्हणून तो माझ्याकडे आला होता. मी नाही म्हटलं होतं. ते त्याला आठवत होतं.

"आम्ही तिसरे आलो, बाई."

"मला माहीत आहे."

"या शर्यतीत तिसरा नसतो. दुसरासुद्धा नसतो."

मग त्यानं सांगितलं की त्यानं सकाळी सिनेटरना फोन केला होता. तुम्ही स्वतःहून बाजूला व्हा, सगळ्यांना सोपं जाईल, असं सुचवलं होतं. त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की मला काढायचं असेल तर काढा, पण ते तुमच्या तोंडानं म्हणा, माझ्या तोंडानं नको.

डावीकडे. उजवीकडे. डावीकडे.

"ती खरं बोलली होती ना, आजोबा? पाण्याचं?" टिलीनं विचारलं.

"हो," लोवेल म्हणाला.

फेल्प्सनं घड्याळ पाहिलं आणि माझ्या हातातल्या फोटोंकडे बोट केलं. लोवेलनं मान हलवली. "नको. पुतळा राहू द्या, बाई. आहे तसा."

मला वाटलं, सिनेटरना ठेवायचं त्याचं ठरलं. टिलीलाही तसंच वाटलं असणार. तिनं माझा हात घट्ट दाबला. जाताना लोवेलनं एकदा मागं वळून पाहिलं. नातीला घेऊन जातोस का, असं मी त्याला विचारणार होते, पण टिलीला तिथंच थांबायचं होतं. तो गर्दीतून चौथऱ्याकडे गेला आणि त्याच्यामागं सगळी माणसं गेली. मर्ल शेवटी गेला, टोपी हातातच धरून.

आम्ही दोघीच उरलो. ऊन पिवळं झालं होतं. खांबावरच्या भोंग्यातून बँडचा आवाज आला, मग लोवेलचा. त्याचा आवाज चांगला होता. शाळेतही होता. गावाबद्दल बोलला, आईबद्दल बोलला, मक्याबद्दल बोलला. मी बाहेरच्या बाजूचं दव पुसत होते, टिलीला नीट दिसावं म्हणून.

मग भोंगा म्हणाला, "सिनेटर कोझाक यांचे मी मनापासून आभार मानतो."

टिलीनं माझ्याकडे पाहिलं. आभार कधी मानतात, हे आठ वर्षांच्या मुलालाही कळतं.

पुढचं सगळं टाळ्यांत बुडालं. इतक्या टाळ्या आमच्या जत्रेत त्याआधी किंवा त्यानंतर कधी पडल्या नाहीत. पत्र्याच्या छपराला कंप सुटला. मी काचेकडे बघायचं टाळत होते. डावीकडची जागा कोरडी झाली असणार, असं मी धरून चालले होते.

डावीकडे धुकं धरलं. पसरलं, थांबलं, विरलं.

मी उजवीकडे पाहिलं.

काच लख्ख होती. पलीकडे लोवेलचा चेहरा मी घडवला होता तसाच, रेषान् रेष स्पष्ट.

डावीकडे पुन्हा धरलं. विरलं. आम्ही उजवीकडची वाट पाहिली. भोंग्यातून तो बोलतच होता, जोरात, आनंदानं, आणि लोक त्याचं नाव घेत होते.

डावीकडे पुन्हा.

"बाई," टिली म्हणाली, "आजोबांची पाळी आहे ना?"

मी उजवीकडची काच पुन्हा पुसली.

तेव्हा ती उजवीकडे सरकली. आजोबांसमोर टाचा उंचावून उभी राहिली, दोन्ही हात काचेला टेकले, तोंड अगदी जवळ नेलं आणि छाती भरून काचेवर श्वास सोडला. मग पुन्हा एक. आणि आणखी एक.