रामहरीकाकाचा घरचा पखवाज

हे खरं आहे. खोटं सांगायचं असतं, तर मी काकाला बरा वाजवणारा तरी केलं असतं.

साल १९३१. चैत्र. सोलापूर, साखर पेठ. वेळ दुपारची. भुतं मध्यरात्री येतात म्हणे. आमच्याकडचं आलं, तेव्हा मी ताक पीत होतो.

माझा रामहरीकाका मिलमध्ये रात्रपाळीला. देवळातल्या भजनी मंडळात पखवाजाची जागा रिकामी झाली होती. ती काकाला हवी होती. पेठेतल्याच बाळासोलाही हवी होती. निकाल एकादशीला.

"ही जागा गेली तर मी पेठेत तोंड दाखवत न्हाय," काका म्हणाला.

पेठेला ते चाललं असतं.

देवळातला पखवाज घरी नेता येत नसे. म्हणून सरावाला काकानं दुसरा आणला. कुर्डुवाडीचे पखवाजी ज्ञानबा वारले होते, त्यांचा. त्यांच्या बायकोनं, मथुराबाईंनी, तो फुकट दिला. वर दोन दशम्याही दिल्या. इतकी घाई बघून शहाणा माणूस थांबला असता. काका दशम्या खात घरी आला.

मथुराबाईंनी एकच बजावलं होतं. "डाव्या बाजूला कणीक गव्हाचीच लावा."

पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओल्या कणकेचा गोळा थापतात. त्याशिवाय तो घुमत नाही. पण आमच्या घरात गहू सणालाच.

"लेकरं भाकर खात्यात, आन् ढोलाला पोळी व्हय?" गिरिजाकाकू म्हणाली.

मग काकानं ज्वारीचं पीठ थापलं. असला विचार करायला डोकं लागत नाही, आणि ते काकाकडे नव्हतंच.

दोन थापांत पीठ तडकलं. चौथ्या थापेला अर्धं काकाच्या धोतरावर. तरी तो वाजवत राहिला. शेजारच्या नीलम्मांनी भर उन्हाळ्यात खिडकी लावून घेतली.

मग काका घोरू लागला. मी ताक घेऊन उंबऱ्यावर बसलो.

आतून आवाज आला...

खर्र... खर्र...

कुणीतरी काहीतरी खरवडत होतं.

मी आत पाहिलं. काका झोपलेला. काकू नळावर गेलेली.

पखवाजाची डावी बाजू लख्ख पुसलेली होती. ज्वारीचा चुरा खाली एका ढिगात गोळा केलेला.

आणि अगदी जवळून...

"च्च."

पेढा आंबट निघाल्यावर माणूस करतो, तसा.

दुसऱ्या दिवशी काकूनं मुकाट्यानं गहू दळला. तरी आवाज थांबला नाही. काकाची मात्रा चुकली की, "च्च." परत चुकली की परत. पहिल्या दुपारी मी एकेचाळीस मोजले आणि कंटाळलो.

काका कुर्डुवाडीला धावला. मीही बरोबर होतो.

"बाई, तुमचं मालक अजून पखवाजात हाईत."

मथुराबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"आमचं ह्ये न्हवंत ते. ह्यांनाबी ऐकू यायचं. मरेस्तोवर."

परतीच्या गाडीत काका मांडीवर बोटांनी मात्रा मोजत बसला.

एकादशी आली. देवळात पहिल्याच ठेक्याला तिथल्या पखवाजाची चामड्याची वादी तुटली. मी घरचा आणून दिला. काका वाजवायला बसला. बरा वाजवत होता. भीतीनं माणूस सुधारतो.

मग एक मात्रा निसटली.

"च्च!"

साऱ्या देवळानं ऐकलं.

मंडळाचे प्रमुख कोंडीबा बुवा ताडकन उठले. "बाळासो! देवाच्या दारात जीभ वाजवतोस? चल, ऊठ हितनं!"

बाळासोचं तोंड पानानं गच्च भरलेलं होतं. त्याला "मी न्हाय" एवढंही म्हणता येईना. धड थुंकताही येईना. तो गेला.

जागा काकाला मिळाली. अशा रीतीनं सोलापुरातला सगळ्यात सुमार पखवाजी देवळात बसला. घरचा पखवाजही तिथंच राहिला. देवळातला कधी दुरुस्तच झाला नाही.

आता काका फार छान वाजवतो. हे मी दुःखानं लिहितो आहे.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी आरती झाली. लोक प्रसाद घेऊन गेले. काका वाजवतच होता. मिलचा भोंगा झाला. दोन पाळ्या आधीच बुडाल्या होत्या. तिसरी बुडाली की नाव कमी, असं मुकादमानं सांगितलं होतं.

"काका, भोंगा झाला. चला की."

"थांब." त्यानं मान वर केली नाही. "अजून ते 'चांगलं' म्हनलं न्हाईत."

"कोण?"

त्यानं पुन्हा थाप मारली. बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. चिंध्या लाल झालेल्या.

मी खूप विचार केला. म्हणजे थोडा. आणि मोठ्यानं ओरडलो, "वा! झकास!"

काकाचे हात थांबले. त्याचा चेहरा इतका हलका झाला, की मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात माझ्या उजव्या कानाशी... अगदी कानाशी...

"च्च."

काकानंही ऐकलं.

त्यानं समजल्यासारखी मान डोलावली. कणीक ओली करून पुन्हा थापली.

आणि पहिल्यापासून सुरू केलं.