तीन ठोके

जोतीरामच्या कानाचा बोलबाला रहिमतपूरपासून आष्ट्यापर्यंत होता. पलटणीत बारा वर्षं तेलाच्या डेपोवर काढून तो घरी आला आणि पेट्रोलपंपांच्या जमिनीखालच्या टाक्या तपासायचं काम त्यानं धरलं. हत्यार काय, तर शिसवीची एक सरळ काठी. एक टोक टाकीच्या पत्र्यावर, दुसरं कानाला. गळती असली की काठीतून बारीक कुजबुज यायची. लोक म्हणायचे, जोत्याला टाकीतली मुंगी शिंकलेली कळते. तो वरून हसायचा, मनातून सुखावायचा. गर्वाचं घर खाली असतं म्हणतात, पण किती खाली, ते कुणी सांगत नाही.

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात त्याला आष्ट्याजवळच्या एका पंपावरून बोलावणं आलं. पंप शांतिनाथ अण्णांचा. मागच्या वस्तीच्या विहिरीला डिझेलचा वास येत होता आणि आठ घरांना प्यायला पाणी तेवढंच. बायका कळशी वर काढायच्या, वास घ्यायच्या आणि ओतून द्यायच्या. टाकीत मापाची पट्टी सोडून पाहिलं, तर तेल रोज दोन बोटं उतरत होतं. गळती होती हे नक्की. ती कुठं आहे, एवढंच शोधायचं होतं.

सोबत त्यानं धाकट्या भावाला, कृष्णातला आणलं होतं. बाप लवकर गेल्यामुळे पोराला यानंच वाढवलं होतं. निघताना आई, रंगुबाई, दारात येऊन म्हणाली, “नेतोयस तसा माघारी आण त्येला.” एवढंच.

जोतीरामनं वरची माती बाजूला करून टाकीला काठी लावली. कुजबुज कुठंच नव्हती. फक्त एका टोकाला आतून एकदा ठक्क झालं.

“काय वाजलं रं?” अण्णांनी विचारलं.

“लोखंड हाय अण्णा. उन्हानं तापलं की वाजतंय.”

मग आत उतरून पाहण्यावाचून इलाज नव्हता. तेल पिपांत काढलं, दोनदा टाकी पाण्यानं भरून उपसली, दिवसभर तोंड उघडं ठेवलं. आत दिवा किंवा बॅटरी न्यायची नाही, ठिणगी उडाली तर राखसुद्धा हाती लागायची नाही. म्हणून अण्णांच्या घरचा मोठा आरसा आणला आणि भर दुपारी त्यातून ऊन आत सोडलं. आरसा अण्णांनीच धरला.

टाकीच्या तोंडाशी बसून जोतीरामनं भावाच्या कमरेला दोर बांधला आणि हातात लाकडी हातोडी दिली. “ध्यान दे. तीन ठोकं म्हंजी समदं ठीक. घाबरं झालं तर न थांबता ठोकत ऱ्हा. मी वढतो.”

“व्हय दादा. कितींदा सांगशील?”

कृष्णात उतरला. “हितं लय गार हाय रं,” असं त्याचं हसरं बोलणं वर आलं, आणि तो उजेडापलीकडे टोकाला गेला. जोतीरामनं काठी पत्र्यावर टेकवली. ठक, ठक, ठक.

“ठीक हाय का?” अण्णा.

“ठीक हाय.”

थोड्या वेळानं पुन्हा तीन. मग पुन्हा. दोर सैल पडून होता. डेपोवर एक कायदा होता, खूण आल्याशिवाय दोराला हात लावायचा नाही. वाकून काम करणारा माणूस ओढला की तोंडावर आपटतो. तो कायदा जोतीरामच्या हाडात मुरला होता.

पण अर्ध्या तासानं त्याला ते ठोके खटकायला लागले. कृष्णात एका जागी घडीभर न टिकणारा पोर, त्याचे ठोके इतके सारखे कसे? त्याचा हात दोराकडे गेला, तेवढ्यात तीन ठोके आले. हात मागे आला. त्या हाताला तो पुढे जन्मभर शिव्या देत राहिला.

“कृष्णात... ए कृष्णात...”

उत्तर काठीतूनच आलं. तीन ठोके.

मग मात्र त्यानं दोर ओढला. दोर हलका आला. टोकाला कमरेएवढा फास तसाच होता, गाठही न सुटलेली. जोतीराम ओरडत स्वतः आत उतरला. अण्णांनी आरसा फिरवला. आठ पावलांची टाकी, आडोसा कसला नाही, पत्र्याला भोक नाही. पलीकडच्या टोकाला हातोडी पडली होती. ती त्यानं उचलून छातीशी धरली, आणि ठोके आले. पायाखालून.

पोलीस म्हणाले, पोरगं पळालं असेल. अण्णा भला माणूस, त्यांनी खर्चाकडे न बघता टाकी उपटून काढली. खालची माती कोरडी, पिवळी. तेलाचा डागसुद्धा नाही. जोतीरामनं खड्ड्याच्या तळाला काठी लावली. तीन ठोके. अण्णांनी एकदाच कान लावला आणि णमोकार मंत्र पुटपुटत ते घरी गेले. पुरुषभर आणखी खणल्यावर काळा कातळ लागला. ठोके अजूनही तेवढ्याच खोलवरून येत होते.

विहिरीचं पाणी मात्र त्या दिवसापासून गोड झालं होतं. वस्तीवरच्या बायका त्याला तांब्या आणून द्यायच्या. तो पाणी तोंडाजवळ न्यायचा आणि खाली ठेवायचा. आठ दिवस तो त्या खड्ड्यात बसून होता, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

आठव्या दिवशी रंगुबाई आली. ती रडली नाही. शिडी धरून खड्ड्यात उतरली आणि म्हणाली, “कुटं हाय?”

जोतीरामनं काठी तिच्या कानाला लावून दिली. “त्यो बरा हाय आई. तीन ठोकं म्हंजी ठीक. रोज सांगतोय.” बोलताना त्याला स्वतःचीच लाज वाटली.

तिनं डोळे मिटले. बराच वेळ ऐकत राहिली.

“ह्यो आपला न्हवं, जोत्या.”

“म्हंजी?”

“ह्यो मोठ्यानं ठोकतोय, त्यो दुसराच कोन तरी हाय. आपला त्येच्या मागं हाय... लय बारीक वाजतंय.”

 घाबरल्याची दुसरी खूण जोतीरामनं आईला सांगितलीच नव्हती.

“किती... किती ठोकं हायत त्येचं?”

“मोजू कशी? थांबतच न्हाई त्यो.”

जोतीरामनं दोर उचलला आणि त्या काळ्या कातळाकडे बघत उभा राहिला. म्हातारीनं काठी कानापासून काढली नव्हती.

“बघतोस काय रं,” ती हळू म्हणाली. “वढ की त्येला.”